एकालाच विचारायचं

तेरणेवरचा पूल आज रात्री बंद.
अकरा ते चार.
निलंग्याकडून येणारी उसाची ट्रॅक्टरं
गुंडाप्पानं शिट्टी मारून बाभळीखाली लावलीत.
ड्रायव्हर ट्रॉलीखाली घोंगडी टाकून झोपलेत.
पात्रात पाणी थोडं, लव्हाळा जास्त.

चार शेकर लातूरहून टेम्पोत आले.
मुबारक अत्तारनं ते पुलावर बसवले
रुखवताची भांडी मांडावीत तसे,
जपून, पुन्हा पुन्हा मागे सरून बघत.

पुलाला विचारायचं आहे:
तिसऱ्या खांबावरची डावी बेअरिंग
अजून किती ताठ, किती मऊ?
साधा प्रश्न. पण पूल म्हणजे ग्रामसभा.
एकाला विचारलं की सगळे बोलतात.
गर्डर बोलतो, स्लॅब बोलतो,
पायाखालची काळी माती तर न विचारताच,
आणि जिला विचारलं ती
पदराआड काहीतरी पुटपुटते
नि इतिवृत्तात येतं: सर्वानुमते मंजूर.

गेल्या महिन्यात एकच शेकर लावून
सबंध पूल हलवला होता.
बावीस अज्ञात, आणि आकडे असे
की बेअरिंग दगड धरली तरी जुळत,
लोणी धरली तरी जुळत.

म्हणून आजची रीत वेगळी.
चार ठिकाणी चार धक्के,
एकाचा जोर दुसऱ्यानं पुसावा अशा मापाचे,
की बाकीचे सगळे हलतील
पण ताणले जाणार नाहीत,
झोळीतल्या पोरासारखे
अंग न वळवता जातील, येतील.
ताण फक्त तिच्यावर.
मग ती एकटी बोलेल.

खोच एवढीच:
बाकीच्यांना गप्प कसं बसवायचं हे कळायला
त्यांचे स्वभाव आधी माहीत लागतात.
तिचासुद्धा.
उत्तर थोडं ठाऊक असल्याशिवाय
प्रश्नच धड विचारता येत नाही.
तेव्हा आधी अंदाज. अंदाजानं ढकलायचं, ऐकायचं,
अंदाज खोडायचा, पुन्हा ढकलायचं.

बारा चाळीसला गर्डर मध्येच बोलला.
दीडला माती.
मुबारक म्हणाला, "मॅडम, चाय पी लेते."
चहा पिता पिता
दोन नंबरच्या शेकरचा जोर मी
सात टक्क्यांनी उतरवला.

गुंडाप्पा जवळ आला. होमगार्डची टोपी काखेत.
"काय करायलाव ओ मॅडम?"
"हलवून बघतोय."
तो खाली वाकला. डांबरावर तळवा ठेवला.
बराच वेळ ठेवला.
"असं हळू बी हलवता येतंय व्हय," म्हणाला.

वय विचारलं. चाळीस.
गाव विचारलं.
"जुनं का नवं?"
पुढं मी काही विचारलं नाही.
कुठूनही विचारलं असतं
तरी सगळं एकदम हललं असतं,
आणि माझ्याकडे शेकर चारच.

तीन वाजून दहा मिनिटांनी
ताणाच्या सगळ्या रेषा आडव्या पडल्या,
हुरडा खाऊन माणसं पडतात तशा.
एकच उठली.
तिचा आकडा आला: कागदावरच्यापेक्षा नऊ पट ताठ.
सरकण्यासाठी ठेवलेली ती
गंजून जागा धरून बसली होती,
दर उन्हाळ्यात पूल लांबायला बघायचा
नि तिथंच अडायचा,
आणि इतकी वर्षं आम्ही
खांबाच्या तड्याला बोल लावत होतो,
दोनदा तर तो लिंपलाही.

मुबारकनं नट सैल करायला घेतले.
मी आकडा वहीत लिहिला, वेळ लिहिली,
पेन थंडीनं नीट उमटत नव्हतं.

चारला शिट्टी झाली.
बाभळीखाली एकेक इंजिन खोकलं.
गुंडाप्पा पुलाच्या तोंडाशी
एक हात कठड्यावर ठेवून उभा होता.
पहिली ट्रॉली वर चढली
तेव्हा त्यानं तो काढून घेतला.